मोठ्या दिवसाचं पत्र: भिजलेलं, खोडलेलं, पण अजून वाचता येण्यासारखं

विचारणाऱ्यांची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडोदऱ्यात अकोट्यात राहणाऱ्या एका कुटुंबाला जुन्या ट्रंकेत आजोबांच्या धाकट्या भावाचं पत्र सापडलं. वर 'ता. २५, सोमवार, मोठा दिवस' एवढंच. साल नाही, गाव नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक नंबर, 'सिपाही', 'एम. एल. आय.' आणि 'सी. एम. एफ.'. पाकिटावर तिकीट नाही, फक्त एक गोल शिक्का. पहिलं पान बाळबोध (म्हणजे देवनागरी), दुसरं मोडी. दोन ठिकाणी काळं फासलेलं. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ट्रंकेचा तळ भिजला, तेव्हापासून कागदाच्या एका कडेला जांभळे डाग आहेत आणि दुसरं पान घडीवर चिकटलंय. प्रश्न चार: लॅमिनेट करून भिंतीवर लावू का? काळ्याखालचं वाचता येईल का? तो नेमका कुठे होता? आणि लढाई चालू असताना 'खाणे उत्तम झाले, काळजी नसावी' एवढंच लिहितो, म्हणजे खोटं लिहिलं का?

तुमचे प्रश्न चार असले तरी अडचण एकच आहे, कामाच्या क्रमाची. हा कागद एकाच वेळी वस्तूही आहे आणि मजकूरही. मजकूर वाचायच्या घाईत वस्तू बिघडते, आणि वस्तू 'नीट' करायच्या उत्साहात मजकूर जातो. म्हणून आधी फोटो, मग कागदाची प्रकृती, मग पाकीट, आणि पत्र सगळ्यात शेवटी. पाकिटाआधी पत्र वाचलं की माणूस मनात एक गोष्ट रचून ठेवतो आणि पुढचे सगळे पुरावे तिच्यात बसवत सुटतो.

लॅमिनेशन अजिबात नको. दुकानातल्या मशीनमध्ये प्लॅस्टिकवरचा गोंद शंभर अंशांच्या आसपास वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो परत निघत नाही. युद्धकाळातला कागद बहुतेक लाकडाच्या कच्च्या लगद्याचा, म्हणजे आतूनच आम्लयुक्त. तो प्लॅस्टिकमध्ये बंद केला की आम्लही त्याच्यासोबत बंद होतं आणि कागद आतल्या आत तपकिरी, ठिसूळ होत जातो. कुणी सांगेल, सरकारी दप्तरखान्यांतही लॅमिनेशन करायचे की! करायचे, पण ते वेगळं: ॲसिटेटचा पातळ पडदा, वर टिश्यू, आणि ॲसिटोनचा हात. तेही आता कुणी सहसा करत नाही. आणि तुमच्या पत्राला तर ॲसिटोनचा वाससुद्धा लागता कामा नये. का, ते सांगतो.

जांभळे डाग ही शाई नाही. हे पत्र बहुधा कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलंय. तिच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमातीबरोबर ॲनिलीनचा जांभळा रंग मिसळलेला असे. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते. पाणी लागलं की गर्द जांभळी होते आणि पसरते. दौत सांभाळायला नको आणि अक्षर रबरानं सहज पुसलं जात नाही, म्हणून फौजेत ती चांगलीच चालायची. भिंग घेऊन न भिजलेल्या भागाकडे बघा. ओळीत मधूनच एखादं अक्षर गडद जांभळं आणि चकचकीत दिसेल, पुढे चार-पाच अक्षरांत रंग उतरत करडा होईल. अशा जागी त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं असणार. ही खूण दिसली तर पेन्सिल कोणती याची खात्री झालीच, ओल्या कापसानं तपासायची गरज नाही. तपासूही नका.

यावरून तुमच्यापुरते तीन नियम निघतात. पाणी नाही, वाफ नाही, स्पिरिट नाही. इस्त्री म्हणजेही वाफच. बुरशी मारायला सॅनिटायझर लावा असं सांगणारे भेटतील. हा रंग अल्कोहोलमध्ये पाण्याइतकाच, किंबहुना जास्तच सुटतो. पसरलेला जांभळा डाग परत आत घालता येत नाही. तो राहू द्या, अक्षर त्याखाली बहुतेक शाबूत असतं, कारण ग्रॅफाइट पाण्यानं हलत नाही.

चिकटलेल्या घडीचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. साध्या पेन्सिलीचं पत्र असतं तर मी झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर पत्र असं ठेवून काही तास दमट हवा द्यायला सांगितलं असतं. तंतू मऊ होतात आणि घडी आपोआप सुटते. तुमच्या पत्राला ते चालणार नाही, दमट हवेनंही रंग हलतो. म्हणजे कोरडंच सोडवायचं. पॉलिएस्टरची पातळ पट्टी, बोटभर रुंद, टोकं गोल कापलेली, घडीच्या मोकळ्या कोपऱ्यातून आत घालायची आणि एका वेळी एक-दोन मिलिमीटर पुढे न्यायची. पट्टी कागदाला समांतर ठेवायची, वर उचलायची नाही. एका बाजूचे तंतू दुसऱ्या बाजूला चिकटून येताना दिसले की तिथेच थांबायचं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत कागद काचेसारखा तुटतो, भर पावसात रंग हलायची भीती. आपल्याकडे हे काम नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान करावं. आणि खरं सांगायचं तर एवढं एक काम जाणकारावर सोडा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे, आणि हस्तलिखितांसाठी तिथलंच प्राच्यविद्या मंदिर. पत्र हातात घेऊन न जाता फोटो घेऊन जा आणि कुणाकडे द्यावं ते विचारा.

बुरशी जिवंत आहे का ते आधी पाहा. डाग कोरडा, भुकटीसारखा आणि नुसता रंग उरलेला असेल तर ती झोपलेली. बोट न लावता मऊ ब्रशच्या टोकानं हलकेच स्पर्श केल्यावर चिकट पुसलं गेलं, वास ओला आला, तर जिवंत. जिवंत असेल तर आधी ती कोरडी होऊ द्यायची, ओली असताना ब्रशनं ती पसरते. कोरडी भुकटी झाली की एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, पंखा बंद करून, गॅलरीत, अंगापासून लांब ब्रश फिरवायचा. आणि ते पत्र बाकीच्या कागदांपासून वेगळं ठेवायचं.

ज्यांची पत्रं आत्ता, या घटकेला ओली आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. भिजल्यापासून दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पानांच्या मधे टीपकागद घाला, दर दोन-तीन तासांनी बदला, वर हलकं वजन, पंखा भिंतीकडे तोंड करून. ऊन नाही. एवढं जमणारं नसेल तर गठ्ठा झिपच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. उणे अठरा अंशांना बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला काही आठवड्यांची सवड मिळते.

आता फोटो. घडीला हात लावण्याआधीचे, घडी सुटल्यानंतरचे, असे दोनदा. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. कागद ओढून घेणारा स्कॅनर नको. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो: उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, पत्राशेजारी साधी मोजपट्टी. दोन्ही बाजू घ्या, कोरी बाजूसुद्धा; पाकीट आतून-बाहेरून. मग खोली काळोखी करून टॉर्च जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आडवा धरा, दहा-पंधरा अंशांवर, आणि चारही दिशांनी एकेक फोटो घ्या. पेन्सिलीनं दाबून लिहिलेल्या कागदावर खाचा पडलेल्या असतात. समोरच्या उजेडात त्या दिसत नाहीत, आडव्या उजेडात सावल्या पडून वर येतात. हाच प्रयोग मागच्या बाजूनं करा. तिथे खाचांचे उंचवटे दिसतात आणि त्यांवर ना जांभळा डाग असतो ना काळं फासलेलं. फोटो मोबाइलवर आरशासारखा उलटा करा, अक्षर सरळ वाचता येईल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

उरलेलं अर्धं उत्तर काळं कशानं केलंय यावर आहे. आधी ते कुणी केलं हे ओळखा. त्याच पेन्सिलीनं, एखाद-दुसऱ्या शब्दावर आडव्या रेघा असतील तर लिहिणाऱ्यानं स्वतः खोडलंय; तिथे सेन्सॉर शोधू नका, त्याचं शुद्धलेखन किंवा विचार बदलला असेल. वेगळ्या शाईनं किंवा रंगीत पेन्सिलीनं, ठरवून, अक्षराच्या वर-खाली भरून फासलं असेल तर सेन्सॉर. युनिटमधला अधिकारी पत्रं बघायचा, मागे बेसवर, म्हणजे पिछाडीच्या तळावर, पुन्हा बघितली जायची आणि देशी भाषांसाठी तिथे वाचणारे नेमलेले असत. कधी काळं न करता ब्लेडनं तुकडाच कापायचे. तिथे वाचायला काही उरत नाही.

ग्रॅफाइट आणि कार्बनची शाई इन्फ्रारेड उजेडात काळीच राहते. ॲनिलीनच्या रंगांची शाई मात्र इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक होते. म्हणजे खाली पेन्सिल आणि वर ॲनिलीनची शाई असेल तर इन्फ्रारेड कॅमेऱ्यात वरचा डाग नाहीसा होऊन अक्षर उरतं. उलट, फासलेली शाई कार्बनची, म्हणजे छापखान्याच्या शाईसारखी किंवा आपल्या काजळीच्या शाईसारखी असेल, तर इन्फ्रारेडचा उपयोग शून्य. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे ॲप डाउनलोड करून काही होत नाही. जुन्या कागदपत्रांचं काम करणारी प्रयोगशाळा किंवा कॅमेऱ्यातली ती काच काढून घेतलेला एखादा छायाचित्रकार गाठावा लागेल. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा, तुमच्या पत्राला फारसा कामाचा नाही. तो लोखंडी निळ्या-काळ्या शाईच्या पुसट अक्षरांसाठी. अशी शाई तो उजेड शोषून गडद दिसते. पाकिटावरचा पत्ता त्या शाईनं असेल तर काही सेकंद लावून बघा, जास्त नको.

काहीच जमलं नाही तर मोजपट्टी घ्या. काळ्याची लांबी मोजा, त्याच ओळीतल्या दहा अक्षरांची लांबी मोजा, आणि खाली किती अक्षरं बसतील ते काढा. 'आम्ही सध्या' नंतर पाच अक्षरांची जागा आणि मग 'येथे आहो', असं असेल तर खाली जागेचं नाव आहे हे कळलं. गावाचं नाव, फौजेची संख्या, कुठून कुठे निघालो, कोण पडलं, एवढ्या गोष्टी नियमात बसत नसत. नेमकं नाव मात्र पाच अक्षरं मोजून ठरवू नका. इटलीत पाच अक्षरांची गावं खूप आहेत.

तो इटलीत होता हे मी गृहीत धरलं नाही, पाकिटावर तसं लिहिलंय. 'सी. एम. एफ.' म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, इटलीची आघाडी. 'एम. ई. एफ.' असतं तर मिडल ईस्ट, 'पायफोर्स' असतं तर इराण-इराक, 'सीॲक' असतं तर ब्रह्मदेशाची बाजू. तिकीट नाही ते बरोबरच आहे, रणभूमीवरच्या जवानाचं साधं टपाल मोफत जायचं. 'एम. एल. आय.' म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, त्या काळी भारतीय फौजेतली पाचवी रेजिमेंट.

साल तुमच्या पत्रातच आहे. २५ डिसेंबरला सोमवार दुसऱ्या महायुद्धात दोनदाच आला: १९३९ आणि १९४४. १९३९ मध्ये सी. एम. एफ. नव्हतंच. म्हणजे १९४४, शके १८६६. मी हा वाराचा ताळा नेहमी करतो, कारण शिक्क्यावरचं साल निम्म्या वेळा पुसट असतं आणि पोस्टाचा शिक्का पत्र लिहिल्याच्या दिवसाचा असतोच असं नाही. तुमच्या शिक्क्यावर तारीख वाचता आली तर ती २५ ची किंवा त्यापुढचीच असायला हवी. आधीची निघाली तर आपण वार चुकीचा वाचलाय किंवा पाकीट दुसऱ्या पत्राचं आहे. हे दुसरं फार होतं. घरात पत्रं पुन्हा पुन्हा वाचली जातात आणि घालताना पाकिटं बदलतात. पाकिटाच्या घड्या आणि पत्राच्या घड्या जुळतात का, पुराच्या पाण्याची रेघ दोन्हींवर एकाच उंचीला आहे का, ते पाहा. पाकिटाच्या मागे बडोद्याचा पोचल्याचा शिक्का असेल तर प्रवास किती दिवसांचा झाला तेही मिळेल.

आता बटालियन. नंबराच्या शेजारी कुठेतरी '१/५' किंवा '३/५' आहे का ते भिंगानं शोधा. पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये, आणि १९४४ च्या त्या नाताळात दोघी इटलीतच पण वेगवेगळ्या बाजूंना. दहावी डिव्हिजन पूर्वेकडे फाएन्झाच्या परिसरात, लामोने आणि सेनिओ नद्यांच्या पट्ट्यात. आठवी डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या उत्तरेला अपेनाइनच्या डोंगरांत होती आणि नेमक्या त्याच दिवसांत तिला पश्चिमेला सेर्किओच्या खोऱ्यात हलवलं जात होतं. २६ डिसेंबरला तिथे जर्मन-इटालियन फौजांनी अमेरिकेच्या ९२ व्या डिव्हिजनवर हल्ला चढवला आणि आठव्या डिव्हिजनच्या तुकड्यांनी ती फळी सावरली. तो पहिल्या बटालियनमध्ये असेल तर हे पत्र धावपळीच्या ऐन तोंडावर लिहिलेलं आहे, आणि काळ्याखाली 'हलणार आहो' असलं काही असू शकतं. असू शकतं, एवढंच म्हणतो. या दोन्ही बटालियनना इटलीत एकेक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: तिसरीच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ च्या लढाईसाठी, मरणोत्तर, पहिलीच्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. म्हणजे तुमचे चुलत आजोबा ज्या कुणाच्या पंगतीला बसून मोठ्या दिवसाचं जेवण जेवले, ती फौज कसल्या दोन लढायांच्या मधे उभी होती याचा अंदाज येईल.

गोल शिक्क्यातला एफ. पी. ओ. चा आकडा म्हणजे गावाचा पिनकोड नव्हे. फील्ड पोस्ट ऑफिस ब्रिगेड किंवा डिव्हिजनबरोबर फिरायचं, आकडा तोच राहायचा, गाव बदलायचं. टपालतिकिटं जमवणाऱ्या मंडळींकडे या आकड्यांच्या तारीखवार याद्या असतात, तिथे विचारा. शिक्का नीट वाचायला म्हणून पाकीट पाण्यात घालू नका. कोपरा कापून शिक्का वेगळा ठेवणारेही असतात, त्यांना पाकीट देऊ नका.

बटालियन कळली की पुढची वाट सरळ आहे. जवानाची नोंद रेजिमेंटच्या बेळगावच्या केंद्राकडे त्या नंबरावरून विचारता येते. नावावरून विचारू नका, एकाच नावाचे चारजण निघतात. बटालियनची रोजची युद्धडायरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, इटलीच्या आघाडीसाठी डब्ल्यू. ओ. १७० या मालिकेत. तिच्यात तुमच्या चुलत आजोबांचं नाव येणार नाही, जवानांची नावं क्वचितच येतात. पण २५ डिसेंबर १९४४ ला बटालियन कुठे होती आणि काय करत होती हे येईल. ते परत आले नसतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी कुणालाही मोफत बघता येते, तिथेही नंबरानंच शोधा.

एक सावधगिरी, तुमच्यासाठी नाही, पण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. इटलीहून आलेलं पत्र लढणाऱ्याचंच असतं असं नाही. दुसरी मराठा बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुकला कैद झाली. १९४२ च्या नाताळातलं, इटलीचं, छापील कार्डावरचं पत्र असेल तर ते कैद्याचं असू शकतं आणि त्याचे सगळे नियम वेगळे.

आता पत्राचा मजकूर. 'मोठा दिवस' हा शब्द बघा. आपल्याकडे नाताळच म्हणतात. हा मोठा दिवस फौजेतल्या हिंदुस्थानीचा 'बडा दिन' आहे, त्यानं मनातल्या मनात मराठी केलेला. तसंच 'खाणे उत्तम झाले' हे नुसतं जेवणाचं कौतुक नसून 'बडा खाना' आहे: सणाला सगळ्या कंपनीची एकत्र पंगत. अशी फौजी हिंदुस्थानीची भाषांतरं पत्रात आणखी सापडतील. जवानांना फौजेत रोमन लिपीतून उर्दू शिकवत, त्यामुळे मराठी पत्रात मधेच रोमन अक्षरांत एखादा शब्द आला तर तो इंग्रजी समजून अडकू नका, मोठ्यानं वाचून बघा.

मोडीचं पान दुसऱ्या कुणी लिहून दिलं का, अशी शंका तुम्ही घेतली आहे. तपासायचं असेल तर आकडे बघा. बाळबोध आणि मोडी यांत अक्षरं बदलतात, आकडे जवळजवळ तेच राहतात. पहिल्या पानावरचे आकडे आणि दुसऱ्या पानावरचे, मनिऑर्डरची रक्कम, तारखा, ५ चं पोट, ९ ची शेपटी, शेजारी ठेवून ताडा. हात एकच असेल तर कळतं. लिपी का बदलली याचं साधं कारण बहुतेक वेळा पुरतं: मोडी भरभर लिहिता येते, जागा कमी खाते, आणि वडलांना तीच सवयीची. सेन्सॉरला कळू नये म्हणून मोडी, हा तर्क सगळ्यांना आवडतो. मी तो सगळ्यात शेवटी ठेवतो. वाचताना लक्षात असू द्या की मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढतात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून शब्द शोधू नका. ठरावीक वाक्यं शोधा: 'तीर्थरूप', 'सा. न. वि. वि.', 'येथील क्षेम जाणून', 'आपले पत्र ता. … चे पावले', 'कळावे'. ती ओळखली की त्यांतून त्याची अक्षरं हाती येतात, आणि उरलेल्या ओळी त्या अक्षरांवरून सोडवता येतात.

'आपले पत्र ता. … चे पावले' ही ओळ मिळाली तर तिला सोन्याचं मोल आहे. हे पत्र म्हणजे संवादाची अर्धी बाजू; दुसरी अर्धी बडोद्याहून गेली होती आणि ती हरवली. पण तो ज्या ज्या गोष्टी विचारतो, धान्य मिळते का, मनिऑर्डर पोचली का, म्हैस व्याली का, त्यांवरून घरच्यांनी काय लिहिलं होतं ते परत उभं करता येतं. त्या वर्षांतल्या जवानांच्या पत्रांत महागाईची काळजी सगळीकडे दिसते. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची बातमी आघाडीवर पोचली होती, आणि प्रत्येकाला आपलं घर दिसत होतं.

मग तो खोटं लिहीत होता का? नाही. लिहिताना त्याच्यासमोर किमान चार वाचणारे होते. युनिटचा अधिकारी, बेसवरचा वाचणारा, वडील, आणि घरातलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवणारा कुणीतरी. १९४४ मध्ये अशा घरांत पत्र एकट्यानं वाचत नसत. ओसरीवर सगळे बसत, एकजण वाचे. लढाईचं लिहिणं नियमात नव्हतं, आणि आईला ऐकू जाईल असं मरणाचं लिहिणं रीतीत नव्हतं. उरलं काय? जेवण, थंडी, अंगावरचे कपडे, देवाची कृपा. तेवढ्याच सामानात त्याला सगळं सांगायचं होतं. म्हणून जेवणाची ओळ किती लांब आहे ते बघा. 'खाणे उत्तम झाले' एवढंच असेल तर तो रिवाज. पण साखरेचं काय, मटण किती, कुणी वाढलं, शेजारी कोण बसलं होतं असं लिहीत गेला असेल, तर तो दिवस त्याला खरोखर लक्षात ठेवायचा होता. ठरावीक वाक्य जिथे मोडतं तिथे माणूस दिसतो. बाकी सगळं त्या काळच्या प्रत्येक पत्रात सारखंच आहे.

आणि सांकेतिक भाषा शोधत बसू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून काही जवानांनी 'काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी निघते' असं लिहून हिंदी आणि गोऱ्या फौजेबद्दल सांगितलं होतं, आणि सेन्सॉरला ते कळलंही होतं. ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाल्यामुळे प्रत्येक पत्रातल्या मसाल्यात लोक गुपित शोधतात. तुमच्या चुलत आजोबांनी मिरच्या मागितल्या असतील तर त्यांना मिरच्या हव्या होत्या.

तुम्ही उतरवून पाठवलेल्या पहिल्या पानात मला एकच ओळ वेगळी वाटली: 'मोठ्या वहिनीस सांगावे की, पेटीतील शाल थंडीत वापरीत जावी.' बायकोला थेट निरोप देणं मोठ्यांसमोर शोभत नसे. निरोप वहिनीच्या नावानं जाई आणि पोचायचा तिथे पोचे. शाल कुणाची, पेटी कुणाची, त्याचं लग्न झालं होतं का, हे कुठल्याही दप्तरात नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याबाईंना किंवा काकूंना या आठवड्यातच विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं टेप करून घ्या, आणि त्या काय म्हणाल्या ते तारीख घालून लिहून ठेवा.

ठेवण्याबद्दल. भिंतीवर लावायला स्कॅनची रंगीत छापील प्रत लावा, मूळ आकारात. चार हातांवरून कुणालाही फरक कळणार नाही. मूळ पत्र आम्लरहित कागदाच्या घडीत, पाकीट वेगळ्या घडीत, दोन्ही एका खोक्यात. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट एरवी चांगलं, पण त्याला स्थिर वीज धरते आणि पेन्सिलीची भुकटी ओढली जाते, म्हणून तुम्हाला नको. पीव्हीसीची फाइल तर कुणालाच नको. डांबरगोळ्या नकोत. पोथीसारखं लाल कापडात बांधायचा मोह होईल; पुन्हा ओल लागली तर त्या कापडाचा रंगही सुटेल आणि जांभळ्यात लाल मिसळेल. खोक्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. खोकं वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. अकोट्यात तळमजल्यावर तर नकोच, ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्षातून दोनदा उघडा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर.

घडीच्या कागदावर मऊ पेन्सिलीनं एवढं लिहा: कुणाचं, कुणाला, २५ डिसेंबर १९४४, इटली, आणि साल कसं काढलं ते. शेवटचं विसरू नका. तीस वर्षांनी कुणीतरी हे खोकं उघडेल, आणि 'सोमवार आणि सी. एम. एफ. वरून' एवढे शब्द तिथे नसतील तर त्याला सगळा हिशोब पहिल्यापासून करावा लागेल. मोडीच्या पानाचे आडव्या उजेडातले फोटो निघाले की इथेच टाका, वाचून देतो.